कानाने मोजायचा प्रतिक्षेप

नववीच्या वर्गात संवेग अक्षय्यतेचा नियम आला की बहुतेक ठिकाणी एक फुगा फुगवून सोडला जातो. हवा एकीकडे, फुगा दुसरीकडे. मुलं हसतात, शिक्षक फळ्याकडे वळून सूत्र लिहितात. यातून दिशा कळते, आकडा कळत नाही. आणि हा नियम मुळात आकड्याचा आहे. स्थिर असलेल्या दोन वस्तू एकमेकींना ढकलून दूर गेल्या, तर एकीचं वस्तुमान गुणिले वेग आणि दुसरीचं वस्तुमान गुणिले वेग हे दोन्ही गुणाकार सारखेच भरले पाहिजेत. हे मोजून पाहिल्याशिवाय कुणाला का पटावं?

मोजायचं म्हटलं की वेगापाशी घोडं अडतं. टेबलावरची धाव पाऊण सेकंदात संपते. हातातल्या स्टॉपवॉचचं बटण दाबायलाच माणसाला त्यातला बराच वेळ लागतो. यावर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत एक जुनी, सुरेख युक्ती आहे: वेग मोजायचाच नाही. दोन गाड्या एकाच क्षणी सुटल्या आणि एकाच क्षणी आपापल्या ठोकळ्यावर आदळल्या, तर दोघींना लागलेला वेळ सारखा. मग त्यांनी कापलेल्या अंतरांचं गुणोत्तर हेच त्यांच्या वेगांचं गुणोत्तर. वेळ सारखा आहे की नाही हे कान सांगतो, बाकीचं काम मोजपट्टी आणि वजनकाटा करतात. महागडी उपकरणं नसलेल्या कुठल्याही शाळेत, अगदी घरच्या जेवणाच्या टेबलावरही, हा प्रयोग होतो.

साहित्य

६ मिमी जाडीच्या प्लायवुडच्या २० × १० सेंटीमीटरच्या दोन फळ्या. ६०८ नंबरची आठ बेअरिंगं. स्केटच्या चाकात असतात तीच, बाहेरून २२ मिमी आणि आतून ८ मिमी व्यासाची. ८ मिमीची आटे पाडलेली सळई, तिचे १३ सेंटीमीटरचे चार तुकडे आणि तिला बसणारे नट. नायलॉनचे केबल टाय. ४ मिमी जाडीचे, दोन इंच लांबीचे तीन नट-बोल्ट. एक पेन्सिल, रबरबँड, शिवणाचा सुती दोरा, अगरबत्ती, वाळू, मोजपट्टी आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. आदळण्यासाठी एक लाकडी ठोकळा आणि एक जड, भरलेला स्टीलचा डबा.

दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा दोरा जळत नाही, वितळतो आणि ताणला जात जात सुटतो.

गाड्या

प्रत्येक फळीखाली दोन सळया आडव्या ठेवा, फळीला भोकं पाडून केबल टायने घट्ट आवळा. आवळण्याआधी दोन सळयांमधलं अंतर डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला मोजा. ते मिलिमीटरपर्यंत सारखं हवं. नाहीतर गाडी सरळ न जाता एका अंगाला ओढ घेते.

सळईच्या दोन्ही टोकांना बेअरिंग बसवताना थोडी काळजी घ्या. बेअरिंगचं आतलं कडं सळईला धरून राहतं आणि बाहेरचं फिरतं. दोन नटांच्या मध्ये बेअरिंग अडकवायचं, पण नट आणि बेअरिंग यांच्यामध्ये मोठा वॉशर घालायचा नाही. तो बाहेरच्या कड्याला किंवा झाकणाला घासतो आणि चाक जड होतं. आतल्या कड्याएवढाच बारीक वॉशर मिळाला तर घाला, नाहीतर नट नुसता हलक्या हाताने आवळा. बसवून झाल्यावर गाडी उलटी धरून प्रत्येक चाकाला बोटाने टिचकी मारा. चारही चाकं बराच वेळ मोकळी फिरत राहिली पाहिजेत. एखादं लगेच थांबलं तर त्याचा नट सैल करा. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस दाट असतं. थोडा वेळ फिरवून ते मोकळं होऊ द्या.

आता एका गाडीवर बेचकी बसवायची. हिला आपण ‘अ’ म्हणू. पुढच्या कडेला, मध्यापासून दोन्हीकडे साडेतीन सेंटीमीटरवर, एकेक बोल्ट खालून वर घाला आणि नट आवळा. तिसरा बोल्ट मधोमध, पुढच्या कडेपासून १२ सेंटीमीटर मागे. पुढच्या दोन बोल्टांवर स्ट्रॉचे छोटे तुकडे चढवा, म्हणजे आट्यांनी रबर कातरलं जाणार नाही. या दोन बोल्टांभोवती रबरबँड अडकवा. रबर फळीपासून साधारण दोन सेंटीमीटर उंचीवर राहू द्या.

दुसरी गाडी ‘ब’. हिला नाक हवं. दीड सेंटीमीटर उंचीच्या लाकडी पट्टीवर पेन्सिल चिकटवून ती पट्टी फळीच्या मध्यरेषेवर अशी बसवा की पेन्सिलचं टोक गाडीच्या पुढे सहा सेंटीमीटर येईल आणि रबराच्या उंचीला राहील. टोक आधी सपाट कापून त्याला कानशीने आडवी खाच पाडा. खाच नसेल तर ऐन वेळी रबर निसटतं आणि ढकलणं अर्धवट राहतं.

दोऱ्याचे फास आधीच करून ठेवा. एका फळीवर योग्य अंतरावर दोन खिळे ठोकून त्यांच्याभोवती दोरा गुंडाळून गाठ मारली, की सगळे फास एका मापाचे होतात. फासाचं एक टोक मागच्या बोल्टात आणि दुसऱ्या टोकात रबर, असं ताणल्यावर रबराचं टोक गाडीच्या पुढच्या कडेपासून सहा सेंटीमीटर आत यायला हवं. म्हणजे दोन्ही गाड्यांच्या कडा एकमेकींना टेकवल्या की ‘ब’चं नाक नेमकं रबराच्या कोनात जाऊन बसतं.

शेवटी दोन्ही गाड्या काट्यावर ठेवा. प्रत्येकी पाव किलोच्या आसपास भरतील. जी हलकी असेल तिच्यावर वाळूची पुरचुंडी चिकटपट्टीने लावून दोन्ही अगदी सारख्या करा. पुढची सगळी उदाहरणं मी २५० ग्रॅम धरून देतो.

टेबल

इथे घाई करू नका. नियम असं सांगतो की बाहेरून बल लागलं नाही तर एकूण संवेग बदलत नाही. उतार हे बाहेरचंच बल आहे. गाडी टेबलावर ठेवा आणि सोडा. आपोआप सरकायला लागली तर त्या बाजूच्या पायाखाली घडी घातलेला कागद सारा. मग गाडीला एकदा इकडून आणि एकदा तिकडून सारखाच हलका धक्का द्या. दोन्ही वेळा ती साधारण तेवढंच अंतर जाऊन थांबली, तर टेबल सपाट आहे. गवंड्याची पाणसळ मिळाली तर वापरा, पण शेवटचा कौल गाडीचाच घ्या. टेबलाला सनमायका असेल तर उत्तम. खरखरीत लाकडावर बेअरिंग अडखळतं. पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. वाळूचा एक कण चाकाखाली आला तरी त्या खेपेचा आकडा वाया जातो.

प्रयोग

ठोकळा आणि डबा समोरासमोर, बरोबर १०० सेंटीमीटर अंतर सोडून घट्ट ठेवा. एका बाजूला लाकूड आणि दुसऱ्या बाजूला स्टील मुद्दाम घेतलं आहे. ‘टक’ आधी आला की ‘टण्ण’, हे डोळे मिटूनही कळतं. दोन्हीकडे लाकूड असतं तर दोन ठोके ऐकू आले असते, पण आधी कोण पोचलं ते कळलं नसतं.

दोन्ही गाड्यांची लांबी मिळून ४० सेंटीमीटर. म्हणजे त्यांना धावायला मोकळी जागा राहिली ६० सेंटीमीटर. ही जागा दोघींत कशी वाटली जाते, एवढंच शोधायचं आहे.

पहिली खेप समान वजनांची. रबर फासात अडकवा, दोन्ही गाड्या टेकवून मधोमध ठेवा, दोन्हीकडे ३० सेंटीमीटर मोकळे सोडून. अंतर गाडीच्या मागच्या कडेपासून ठोकळ्यापर्यंत मोजायचं, गाडीच्या मध्यापासून नाही. गाडी प्रत्यक्ष जेवढी सरकते तेवढंच आपल्याला हवं. हात बाजूला घ्या. पेटलेल्या अगरबत्तीचं टोक फासाला, मागच्या बोल्टाच्या जवळ, वरून टेकवा. रबराजवळ टेकवू नका, ते जळतं. ताणलेला दोरा तपकिरी होतो, त्याचे तंतू एकेक करून उलगडतात आणि शेवटचा तुटला की गाड्या सुटतात. कात्रीने कापायचा मोह टाळा. कात्रीचं पातं दोऱ्याबरोबर गाडीलाही थोडं ढकलतंच, आणि ते ढकलणं कुठल्याच हिशेबात धरता येत नाही.

दोन्ही आवाज एकदम आले पाहिजेत. आले नाहीत तर दोष टेबलात किंवा चाकांत आहे. पुढे जाण्याआधी तो काढाच. संपूर्ण मांडणी उलट दिशेला फिरवून पाहा: आधी पोचणारी गाडी बदलली तर टेबलाला उतार आहे, तीच गाडी पुन्हा आधी पोचली तर दुसरीची चाकं जड आहेत.

दुसऱ्या खेपेत ‘ब’वर २५० ग्रॅम वाळूची पिशवी ठेवा आणि चिकटपट्टीने पक्की करा. आता ‘ब’ ५०० ग्रॅमची झाली. फास जाळण्याआधी मुलांना विचारा: गाड्या कुठून सोडल्या तर ठोके एकदम पडतील? कागदावर आकडा लिहून घ्या. मग गाड्यांची जोडी ‘ब’च्या बाजूच्या डब्याकडे थोडी थोडी सरकवत खेपा करत जा. टक आधी, टण्ण नंतर, सरकवा. आता टण्ण आधी, परत सरकवा. दोन्ही आवाज मिसळून एकच ठोका वाटला की थांबा आणि अंतरं मोजा. त्याच जागेवरून आणखी काही खेपा करून तो ठोका पक्का करून घ्या.

समजा ‘अ’ ४०.५ आणि ‘ब’ १९.५ सेंटीमीटर निघाली. गुणाकार करा: २५० × ४०.५ म्हणजे १०,१२५ आणि ५०० × १९.५ म्हणजे ९,७५०. फरक चार टक्क्यांच्या आत. अंतरांचं गुणोत्तर २.०८, वजनांचं २. बेअरिंगं लावलेल्या दोन फळ्या आणि एक अगरबत्ती यांच्याकडून याहून जास्त काय मागायचं?

पण तो ०.०८ सोडून देऊ नका. प्रयोगातला सर्वांत शिकवणारा आकडा तोच आहे. पुन्हा करून पाहा, तो दोनाच्या वरच येत राहील. योगायोग असता तर कधी वर, कधी खाली आला असता. कारण घर्षण आहे. चाकांचं घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे हलक्या आणि जड दोन्ही गाड्यांचा वेग सारख्याच दराने कमी होतो, आणि तेवढ्याच वेळात दोघींचं सारखंच अंतर खाल्लं जातं. वरच्या उदाहरणात घर्षण नसतं तर गाड्या तेवढ्या वेळात ४२ आणि २१ सेंटीमीटर गेल्या असत्या. घर्षणाने दोघींचे दीड-दीड सेंटीमीटर कापले. ४२ मधून दीड गेला तर फारसं बिघडत नाही, २१ मधून गेला तर जाणवतो. म्हणून जड गाडीचं नुकसान जास्त दिसतं आणि गुणोत्तर वर सरकतं. समान वजनांच्या खेपेत हे नुकसान दोन्हीकडे सारखं असल्यामुळे ते दिसलंच नव्हतं.

तिसऱ्या खेपेत ‘ब’वर आणखी २५० ग्रॅम चढवा. आदर्श वाटणी ४५ आणि १५ची. प्रत्यक्षात गुणोत्तर तीनाच्या थोडं वर येईल, आणि या वेळी ते आदर्श आकड्यापासून आधीच्या खेपेपेक्षा जास्त ढळलेलं असेल. का, हे मुलांनाच सांगू द्या.

यानंतर दोन खेपा अशा करा ज्या पाठ्यपुस्तकात सहसा नसतात.

‘ब’वरची सगळी वाळू काढा आणि २५० ग्रॅमची एकच पिशवी ‘अ’वर ठेवा. वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं की बेचकी ‘अ’वर आहे, म्हणजे ढकलणारी ‘अ’ आणि ढकलली जाणारी ‘ब’. मग ‘ब’लाच जास्त धक्का बसणार. शंका अगदी रास्त आहे, तिला आकड्यानेच उत्तर द्यायला हवं. वजनं उलटी केली की अंतरंही उलटी होतात, ४० आणि २० च्या आसपासच. बेचकी कुणाच्या अंगावर आहे याला काडीचंही महत्त्व नाही. रबर दोघींना सारखंच ढकलतं.

या दोनांतली दुसरी खेप: एकाच्या जागी दोन रबरबँड लावा आणि पुन्हा भाकीत लिहून घ्या. बहुतेक मुलं सांगतात की अंतरं बदलतील. गाड्या खरोखरच दणक्यात सुटतात, आवाज मोठा येतो, पण ठोके एकदम पडण्याची जागा जवळजवळ तीच राहते. बदल झालाच तर तो २ च्या दिशेने होतो, कारण धाव लवकर संपते आणि घर्षणाला खायला वेळ कमी मिळतो. धक्का किती जोराचा यावर दोघींचे वेग ठरतात. त्यांचं गुणोत्तर ठरतं ते फक्त वस्तुमानांवर.

दोन रबरं लावाल तेव्हा सगळ्यांनी डोळ्यांवर चष्मा लावावा, रबर तुटून उडू शकतं. अगरबत्ती एकाच मोठ्या माणसाच्या हातात असावी.

चिन्हाचा हिशेब

वहीत मांडताना एका दिशेचा वेग अधिक आणि विरुद्ध दिशेचा उणे लिहा. सुटण्याआधी दोन्ही गाड्या उभ्या, म्हणजे एकूण संवेग शून्य. सुटल्यावर अधिक आणि उणे मिळून पुन्हा शून्य. हे आज सोपं वाटतं, पण देकार्तसारखा तत्त्वज्ञ इथेच अडखळला होता. १६४४ साली त्याने विश्वातली एकूण गती कायम राहते असं मांडलं, पण गती मोजताना दिशा धरली नाही. तसा हिशेब केला तर आपल्या टेबलावर शून्यातून भलीमोठी बेरीज तयार होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ मध्ये टकरीचे नियम शोधायचं आवाहन केलं, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी दिशा हिशेबात घेतली. न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ त्यानंतर, १६८७ साली आलं.

बंदुकीपर्यंत

आता हाच हिशेब बंदुकीला लावा. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, तर तिचा संवेग ०.०१ × ८०० म्हणजे ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. रायफल ४ किलोची असेल तर ती सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येते. प्रत्यक्षात थोड्या जास्त वेगाने, कारण जळलेल्या दारूचा वायूही नळीतून पुढे जातो आणि त्याच्या वाट्याचा संवेगही बंदुकीलाच फेडावा लागतो. शालेय गणितात हा वायू धरत नाहीत. धरत नाही एवढं तरी सांगावं.

एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवलेल्यांना हा आकडा खांद्यावरून आठवेल. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर, वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास. तीन किलोच्या रायफलीला त्यातून मिळतात सेकंदाला जेमतेम तीस सेंटीमीटर. धक्का नावालाच. मोठ्या रायफलीचा दस्ता मात्र खांद्यात घट्ट रुतवून धरायला सांगतात, आणि त्याचं कारण आपल्या वाळूच्या पिशवीत आहे. दस्ता घट्ट धरला की शरीराचं वस्तुमानही बंदुकीत मिळतं आणि मागे येण्याचा वेग उतरतो. सैल धरला तर चार किलो एकट्याने दोन मीटरच्या वेगाने येऊन हाडावर आदळतात.

संवेग सारखा असूनही गोळी जीव घेते आणि दस्ता फक्त खांदा दुखवतो, हे कसं? ऊर्जा मोजा. वेगाचा वर्ग येत असल्याने गोळीच्या वाट्याला ३२०० जूल येतात आणि रायफलीच्या वाट्याला ८. टेबलावरही हे दिसतं: ५०० ग्रॅमच्या गाडीपेक्षा २५० ग्रॅमच्या गाडीकडे दुप्पट ऊर्जा असते, म्हणून तिचा ठोका जास्त मोठा येतो. ठोकळा आणि डबा यांची अदलाबदल करून पाहा, म्हणजे हा फरक पदार्थाच्या आवाजाचा नाही याची खात्री पटेल.

वहीत लिहिताना

प्रत्येक खेपेची दोन वजनं, दोन अंतरं, दोन गुणाकार आणि टक्क्यांतला फरक एका ओळीत लिहा. कोणता आवाज आधी आला तेही लिहा. शाळेच्या प्रयोगवहीत ४० आणि २० असे गुळगुळीत आकडे लिहून ठेवण्याची सवय फार जुनी आहे, आणि तसे आकडे पाहून पूर्ण गुण देण्याचीही. शिक्षकांना माझी विनंती आहे: ज्या वहीत ४०.५ आणि १९.५ असेल आणि तो दीड सेंटीमीटर कुठे गेला हे पुढच्या ओळीत लिहिलं असेल, तिला जास्त गुण द्या.